काउंटरवरच्या दोन बंदुका

दादा गेल्यावर त्याच्या बंदुकीचा विषय घरात सगळ्यात शेवटी निघाला. आधी बँक, मग ट्रॅक्टरचा विमा, मग त्याचे कपडे. बंदूक तशी घरात नव्हतीच. माणूस गेला की त्याचा परवानाही जातो, म्हणून त्याच आठवड्यात गावातल्या बंदूकवाल्याने ती तिजोरीतून काढून आपल्या दुकानात कुलपाआड नेऊन ठेवली होती. भिंतीला बोल्टने आवळलेली ती उभी लोखंडी तिजोरी रिकामी झाली, याचं मला बरं वाटलं होतं. का बरं वाटलं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

दादाची नाशपतीची बाग मेलबर्नच्या उत्तरेला, गाडीने अडीच तासांवर. मी शहरात, ग्लेन वेव्हर्लीला राहते आणि एका लायब्ररीत काम करते. दादा माझ्या आधी या देशात आला, शिकायला. शिकला अकाउंटिंग आणि नोकरी लागली तुरुंगात, पहारेकरी म्हणून. "तात्पुरती आहे," असं आईला फोनवर सांगत त्याने ती सोळा वर्षं केली. मग वहिनीच्या हट्टाने ही बाग घेतली. वहिनी नाशिककडची, द्राक्षाच्या मळ्यात वाढलेली. छाटणी करताना फांदीवरचा कुठला डोळा ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे तिच्या हातालाच कळतं. दादाला शेवटपर्यंत तिला विचारावं लागायचं.

बागेत ससे नव्या रोपांची साल कुरतडतात. कोल्हे कोंबड्या नेतात, शिवाय ठिबकच्या नळ्या चावून ठेवतात. त्यासाठी शेतकरी म्हणून दादाला एक पंप-अ‍ॅक्शन शॉटगन ठेवता येत होती. एकच. नळीखालची मूठ मागे ओढून पुन्हा पुढे सारली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं, ती पंप-अ‍ॅक्शन. हे मला त्यानेच सांगितलं. मला बंदुकांत रस नव्हता. पण दादा कुठल्याही वस्तूबद्दल बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटायचं.

तुरुंगात त्याच्या डोळ्यांदेखत जुन्या बंदुका गेल्या आणि नव्या आल्या. जुन्यांना अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता होता, आणि निळसर झाक असलेलं काळं पोलाद. नव्यांचा दस्ता काळ्या प्लास्टिकचा, आणि चमक कशालाच नाही. बरोबरीचे जुने लोक नव्यांना नावं ठेवायचे. दादा ठेवत नसे. त्याचं म्हणणं, पावसात मनोऱ्यावर उभं राहिलं की लाकूड फुगतं आणि घामट हातांनी पोलादाला गंज धरतो. नवी बंदूक पुसली की झालं. तिच्या दस्त्याची लांबी कमीजास्त करता येते, म्हणजे सहा फुटी माणसाची शिफ्ट संपून पाच फुटी बाई आली तरी तीच चालते. सुरक्षेचं बटण मोठं, हातमोज्यातूनही बोटाला लागतं.

"ड्युटीची बंदूक कुणाचीच नसते," तो म्हणायचा. "युनिफॉर्मसारखी. शिफ्ट संपली, सही केली, परत दिली. तिच्यावर जीव जडायची गरजच नाही."

घरासाठी मात्र त्याने जुनीच घेतली. घरासाठी म्हणजे बागेसाठी. घराच्या राखणीला हवी असं सांगून इथे कुणाला बंदुकीचा परवाना मिळत नाही. ते कारणच धरत नाहीत. ही बंदूक बागेच्या आधीच्या मालकाची होती, चाळीसेक वर्षांची. रीतसर कागद करून, दुकानातून नावावर होऊन ती दादाकडे आली. वापरून वापरून तिची मूठ इतकी गुळगुळीत सरकायची की दादा म्हणे, नवीला इथवर यायला दहा वर्षं लागतील, आणि तोवर तिच्यातलं काहीतरी तुटलेलं असेल. जुनीच्या चापाभोवतीचे सगळे भाग पोलादाचे होते. नव्या पुष्कळशा बंदुकांत तिथे प्लास्टिक असतं.

"तुझ्या पुस्तकांसारखं आहे," तो मला म्हणाला होता. "जुनीची बांधणी शिवलेली, नवीची चिकटवलेली."

"चिकटवलेलं पुस्तकही वाचता येतं, दादा."

"येतं ना. लायब्ररीला तेच बरं. फाटलं की दुसरं आणा."

घरच्या बंदुकीची एकच गोष्ट त्याला आवडत नसे. ड्युटीवर बंदूक हातात देणारा माणूस आधी तोंडाकडे बघतो, असं त्याने एकदा सांगितलं. झोप झाली का विचारतो. ज्याचं काही बिनसलंय त्याला त्या दिवशी गेटवर कागद तपासायला बसवतात. "घरी कोण बघणार?" दादा म्हणाला. "किल्ली आपल्याच खिशात." आणि मग कोल्ह्यांवर घसरला.

एप्रिलमध्ये, शेवटच्या झाडांवरची फळं उतरवून चार दिवस झाले होते. पॅकिंग शेडमध्ये तो एका क्रेटवर बसला आणि उठला नाही. चोपन्न वर्षांचा होता.

वहिनी लोकांसमोर रडली नाही. मी दर शनिवारी बागेत जायला लागले. आम्ही दोघी फार बोलत नसू. ती छाटणी करी, मी फांद्या गोळा करी. त्यांची लेक पर्थला असते, ती रोज फोन करायची, "मम्, आर यू ईटिंग?" आणि वहिनी प्रत्येक वेळी सगळा स्वयंपाक वाचून दाखवल्यासारखं सांगायची, भात, आमटी, भेंडी. त्यातलं निम्मं केलेलं नसायचं. मला ते दिसत होतं.

जुलैमध्ये तिने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज केला. "ससे यायचे ते येणारच," ती म्हणाली. "तो नाही म्हणून थांबणारेत का?" तिने सुरक्षेचा कोर्स केला आणि पहिल्याच फटक्यात पास झाली. चांगली ओळखणारी व्यक्ती म्हणून अर्जात माझं नाव दिलं.

त्याच सुमारास एका शनिवारी मी मुक्कामाला राहिले, तेव्हा रविवारी सकाळी ती ओट्याशी मेथी निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याने मलाही न्यायला हवं होतं बरोबर. आता सकाळी उठायचं ते कुणासाठी?"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. वडील गेल्यावर आई ते एकोणीस वर्षं म्हणत होती, आणि त्या एकोणीस वर्षांत तिने एकही लग्न चुकवलं नाही. आमच्याकडे बायका असं म्हणतातच. मी पातेलं घासून पालथं घातलं आणि विषय बदलला.

दहा दिवसांनी परवाना विभागातून फोन आला. पोलिसातल्या बाई होत्या, आवाज शांत, घाई नसलेला. मी लायब्ररीच्या मागच्या खोलीत नव्या पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घालत होते. वहिनीला किती वर्षं ओळखता, स्वभाव कसा आहे, दारू पिते का, असं विचारून झालं. मग त्या म्हणाल्या, "नुकतंच मोठं दुःख झालंय त्यांना. त्यांच्या मनःस्थितीबद्दल तुम्हाला काही काळजी वाटते का?"

मेथीचा तो रविवार माझ्यासमोर आला. मी त्यांना कसं सांगणार होते? ते वाक्य इंग्रजीत नेलं असतं तर त्याचा लगेच रिपोर्ट झाला असता. आणि दुसरंही एक होतं, ते मी इथे लपवत नाही. नणंदेने भावजयीची घरातली गोष्ट पोलिसांना सांगायची? दादाला जाऊन तीन महिने झालेत आणि बहिणीने त्याच्या बायकोला वेडी ठरवलं, असं उद्या कुणी म्हटलं तर? मी हातातल्या पुस्तकाची कड दाबून नीट बसवली.

"नो कन्सर्न्स," मी म्हणाले.

"लव्हली, थँक यू," बाई म्हणाल्या.

सप्टेंबरात परवाना आला. वहिनीने फोन केला. "वन्सं, शनिवारी येणार ना? दुकानात जायचंय माझ्याबरोबर." वन्सं हे ती मला चिडवायला म्हणते, आमच्या पिढीत असं खरोखर कुणी म्हणत नाही. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच म्हणत होती. मला आनंद झाला होता.

शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा नाशपती फुलायला लागल्या होत्या. ओळीच्या ओळी पांढऱ्या. वहिनी आंघोळीला गेली होती आणि स्वयंपाकघरातला फोन वाजत होता. मी उचलला आणि कोण बोलतेय ते सांगितलं. बागांना मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने देणारा माणूस बोलत होता. दर वर्षी फुलोऱ्याच्या दिवसांत तो दादाच्या बागेत पेट्या ठेवून जायचा.

"उद्या त्या बाजूला येतोय," तो म्हणाला. "तुमच्या वहिनींनी यंदा पेट्या नको म्हणून कळवलं होतं. म्हटलं, पुन्हा एकदा विचारावं. फुलं उघडलीत. आता ठेवल्या नाहीत तर..."

"कधी कळवलं होतं तिने?"

"झाले दोन महिने. जुलैत."

मी सांगते म्हणाले आणि फोन ठेवला. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. मी बागायतदार नाही, पण एवढं मला दादाने शिकवलं होतं की मधमाश्यांवाचून नाशपतीला फळ धरत नाही म्हटलं तरी चालेल. जुलैत तिने पेट्या नाकारल्या, आणि जुलैतच बंदुकीचा अर्ज केला. फळच धरायचं नसेल तर राखण कशाची?

मग बाकीचंही दिसायला लागलं. कुत्रा शेजाऱ्यांकडे "चार दिवस" गेला होता, त्याला महिना झाला होता. शेडमागे नव्या रोपांसाठी खणलेले खड्डे बुजवले होते. लेकीच्या नावाने कागदांची एक फाइल टेबलावर, नीट, सुतळीने बांधलेली.

गाडी वहिनीच चालवत होती.

"मधमाशीवाल्याचा फोन होता," मी म्हणाले.

"हं."

"पेट्या नको म्हणालीस?"

"यंदा झाडांना विश्रांती."

"अशी विश्रांती असते झाडांना?"

"तू कधीपासून बागायतदार झालीस गं?" ती हसली. हसणं अगदी तिचं नेहमीचं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. वीस मिनिटांचा रस्ता. विचारायचं होतं, आणि प्रत्येक वळणावर मी पुढच्या वळणावर विचारेन म्हणत होते.

दुकानात पुढे मासेमारीचं सामान आणि मागच्या बंद खोलीत बंदुका. दुकानदार सत्तरीचा, कानात मशीन घातलेला. दादाची आणि त्याची मैत्री होती. त्याने वहिनीचे कागद चष्मा लावून वाचले, काउंटरवर हिरवं कापड पसरलं आणि दादाची बंदूक आणून ठेवली. शेजारी एक नवी. दोन्ही उघडून रिकाम्या असल्याचं त्याने आधी वहिनीला दाखवलं, मग मलाही, जणू मीही गिऱ्हाईक होते.

"एकच ठेवता येईल तुला," तो म्हणाला. "तेव्हा नीट ठरव."

आणि तो दादासारखाच बोलायला लागला. जुनीवरून त्याने बोट फिरवलं. दस्त्यावर जिथे दादाचा गाल टेकायचा तिथे पॉलिश उडून लाकूड फिकं झालं होतं. असं लाकूड आता बनवत नाहीत, तो म्हणाला. पण ही जड आहे, धक्का जोरात देते, आणि तिचा दस्ता उंच माणसाच्या मापाचा आहे, "तुझ्या नवऱ्याने अर्धा इंच कापू दिला नाही मला." वर्षातले बहुतेक दिवस तिजोरीत उभी राहणार असेल तर तिला तेल लागतं, लाकूड वाळतं, लक्ष द्यावं लागतं. नवी दिसायला काही खास नाही. मूठ थोडी खरखरते. पण हलकी, दस्ता तुझ्या मापाचा करून देतो, मागे रबराची गादी आहे, खांदा दुखणार नाही. नेम धरायला जुनीला एक पितळी मणी आहे, नवीला लाल टिकली, संध्याकाळच्या उजेडातही दिसते. विसरून ठेवलीस तरी रुसणार नाही.

"मी तुझ्या जागी असतो तर नवी घेतली असती," तो म्हणाला. "खरं सांगतो. काम करायचं असेल तर नवी."

वहिनीने नवीकडे नीट पाहिलंही नाही. "जुनी," ती म्हणाली. "त्याची आहे."

"धक्का देते, लव्ह." इथले जुने लोक बायकांना सहज असं म्हणतात.

"चालेल."

"आणि काडतुसं? तो मोसमाची पेटीच न्यायचा."

"एक छोटं पाकीट पुरे."

दुकानदाराने मान वर केली. मग तो रजिस्टर काढायला वाकला.

"वहिनी, आज नको," मी मराठीत म्हणाले.

"काय नको?"

"बंदूक नको. आज नको. घरी जाऊ."

"अगं, कागद झालेत सगळे. तू बस तिकडे खुर्चीवर."

मी खुर्चीवर बसले नाही. मी दुकानदाराकडे वळले आणि इंग्रजीत सांगितलं की पोलिसांनी मला विचारलं होतं, काही काळजी वाटते का, आणि मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. मला काळजी वाटते. ही बंदूक तिला देऊ नका.

त्याने दोन्ही बंदुका कापडासकट उचलल्या, मागच्या खोलीत नेल्या, दार लावलं. कुलपाचा आवाज आला. परत येऊन त्याने दोन्ही हात रिकाम्या काउंटरवर ठेवले.

"आज नाही, लव्ह," तो वहिनीला म्हणाला. "सॉरी. आज नाही."

वहिनी माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. "घरातलं माणूस म्हणून तुझं नाव दिलं होतं मी," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

गाडीत ती स्टिअरिंगसमोर बसली होती. किल्ली लावली नव्हती. मी शेजारी बसले, दार ओढून घेतलं.

"परक्या माणसासमोर वेडी ठरवलंस मला."

"नाही."

"मग काय ठरवलंस?"

आमच्या भाषेत हा प्रश्न मी कधी कुणाला सरळ विचारलेला नव्हता. आम्ही नेहमी त्याच्या भोवतीने जातो. जेवलीस का, झोप लागते का, एवढंच विचारतो. मी समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "तू मरायचा विचार करत होतीस का, वहिनी?"

एक ट्रक गेला. त्यामागून सायकलवर दोन मुली गेल्या.

"मी काही करणार नव्हते," ती म्हणाली.

मी तिच्याकडे वळून बघितलं.

"बहुतेक," ती म्हणाली.

तिने किल्ली माझ्या हातात ठेवली, आणि आम्ही उतरून जागा बदलल्या. गाडी सुरू करायच्या आधी मी बाहेर उभं राहून त्या गावच्या पोलीस स्टेशनला फोन लावला. आधी जे सांगितलं होतं ते बरोबर नव्हतं, म्हणाले. नाव सांगितलं, अर्जाबद्दल सांगितलं. पलीकडच्या माणसाने सगळं लिहून घेतलं आणि कळवलंत ते बरं केलंत म्हणाला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. वहिनी काचेतून माझे ओठ बघत होती.

मी गाडी थेट गावातल्या क्लिनिकवर नेली, ते शनिवारी साडेबारापर्यंत उघडं होतं. रिसेप्शनच्या बाईला मी हळू आवाजात दोन वाक्यं सांगितली, तर तिने आम्हाला बसूही दिलं नाही, थेट आत पाठवलं. डॉक्टर तरुण होती. वहिनीची तीस-बत्तीस वर्षांची भाची शोभली असती. तिने खुर्ची टेबलाबाहेर ओढून वहिनीसमोर घेतली.

"जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला?" तिने विचारलं. रक्तदाब विचारावा तसं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिचा नवरा गेलाय, आमच्याकडे असं बोलायची पद्धत आहे, जेवण कमी झालंय, असलं काहीतरी मी म्हणणार होते, सवयच ती. वहिनीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं.

"हो," ती म्हणाली. इंग्रजीत, सरळ. "काही सकाळी. रोज नाही."

डॉक्टरने मान हलवली, आणि मला बाहेर बसाल का विचारलं.

मी बाहेर बसले. तिथे माशांची टाकी होती आणि जुनी मासिकं. मी पर्थला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. ते वहिनीनेच सांगायचं होतं, किंवा आम्ही दोघींनी. भिंतीवरच्या घड्याळात पन्नास मिनिटं गेली. त्या पन्नास मिनिटांत दादाची मला इतकी आठवण आली की श्वास पुरेना. तो गेल्यापासून मी फांद्या गोळा करत होते, कव्हरं घालत होते, पातेली घासत होते. पहिल्यांदा मी तिथे, त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, रडले. रिसेप्शनच्या बाईने टिश्यूचा खोका आणून माझ्याशेजारी ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

दार उघडलं. वहिनीचे डोळे सुजले होते. हातात दोन कागद होते, एकावर सोमवारची वेळ लिहिलेली. पुढचे पंधरा दिवस तिने एकटीने राहायचं नाही, असं डॉक्टर मला दारातूनच म्हणाली. मी माझ्याकडे नेते म्हणाले.

गाडीपर्यंत ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. पट्टा लावला, कागद पर्समध्ये घातले, पर्सची चेन ओढली.

"माझ्याशी बोलू नकोस," ती म्हणाली. "मी फार रागावलेय तुझ्यावर."

"बरं."

गाडी सिग्नलला थांबली. ती पुढच्या दुकानांच्या पाट्या बघत होती.

"पण भूक लागलीय मला," ती म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाही. कालपासूनच."

दिवा हिरवा झाला आणि मी गाडी बेकरीकडे वळवली.